पोटगीचा पैसा कोणाकडून कोणाकडे?

पोटगी हा शब्द आज उच्चारला की कचेरीच्या व्हरांड्यात पदर आवळून बसलेली बाई डोळ्यांपुढे येते. परंतु मराठेशाहीच्या कागदांत ही पोटगी शिपायांची आहे. मोहिमेवर निघालेल्या माणसाच्या पोटाची सोय ती पोटगी. ती मागताना शिपाई लाजत नसे. तोच शब्द बाईच्या वाट्याला आला आणि त्याला भिकेचा वास लागला. हे कसे झाले, म्हणून जुनी पाने चाळू लागलो, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. संसार मोडला म्हणजे पैसा बायकोकडून नवऱ्याकडे जाण्याची वहिवाट आपल्याकडे जुनी आहे. उलट दिशेने तो जावा, यासाठी मात्र फार खटपट करावी लागली.

पोथीत तसे नव्हते. आज्ञेत वागणाऱ्या, दक्ष, पुत्रवती, गोड बोलणाऱ्या बायकोला जो टाकील त्याच्याकडून तिला तिसरा हिस्सा द्यावयास लावावा, आणि तो निर्धन असेल तर त्याने तिला पोसावे, असे याज्ञवल्क्याने सांगून ठेवले आहे. (या अटी वाचल्यावर त्या हिश्शाला पात्र ठरणारी बाई किती विरळा, हे वाचकांनीच ठरवावे.) पण गावगाड्यातल्या पुष्कळ जातींत काडीमोड होई, फारकत होई, बाई दुसरा पाट लावी, आणि पाट लावणाऱ्याने पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च भरून द्यावा, असा पंचांचा निवाडा असे. बाई मोकळी होई हे खरे. ज्या पांढरपेशा घरांत काडीमोड नव्हती, तिथे तेवढेही नव्हते. पण पाट लागेपर्यंत तिने खावे काय, हा प्रश्न पंचांपुढे येत नसे. त्याचे उत्तर माहेर हेच होते.

आमचा बुलढाणा जिल्हा म्हटला की लोकांना सिंदखेडराजाच्या जिजाऊ आठवतात, नाही तर लोणारचे सरोवर. ताराबाई शिंदे फार थोड्यांना आठवतात. वऱ्हाड त्या वेळी निजामाचा, पण कारभार इंग्रजांचा होता. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते, आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. 1881 साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला भ्रूणहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, मागाहून ती कमी झाली. पण तेवढ्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीला झोडपून काढले. तेव्हा या बाईने बुलढाण्यात बसून ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. 1882 साली पुण्यास ती छापली गेली. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. जे अवगुण बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, हा तिचा रोकडा सवाल होता. पुढे जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये तिची बाजू घेतली. नंतर पुस्तक विस्मरणात गेले, ते 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणले. त्यात पोटगीचा कायदा शोधू नये. पण दोष दोघांचा आणि दंड एकीलाच, हा जो हिशेब तिने मांडला, तोच पुढे कोर्टांपुढे आला.

आला तो दोनच वर्षांनी, मुंबईला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झालेले. त्या नांदावयास जाईनात. दादाजी भिकाजी यांनी 1884 साली दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला; पण अपिलानंतर 1887 साली हुकूम झाला, की नांदावयास जावे, नाही तर सहा महिने तुरुंगात. शेवटी 1888 साली तडजोड झाली. दोन हजार रुपये मिळाले. कोणाला? दादाजींना! गावच्या पंचांचा निवाडा आणि मुंबईतली तडजोड, दोन्हींत पैशाची दिशा एकच. मग रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या.

इंग्रजांच्या फौजदारी कायद्यात पोटगीची तरतूद नव्हती असे नाही. 1898 च्या कायद्याचे 488 वे कलम त्यासाठीच होते. मर्यादा दरमहा पन्नास रुपये. 1923 साली ती शंभर झाली, 1955 साली पाचशे. पण सरकारचा हेतू भटकेगिरी आणि उपासमार टळावी एवढाच, आणि पोटगी ‘बायको’लाच. घटस्फोट दिला की ती बायको राहिली नाही, मग पोटगी कसली! ही पळवाट पुरुषांना सापडावयास वेळ लागला नाही.

घटस्फोटाचीही कथा ऐकण्याजोगी आहे. मुंबई प्रांताने 1947 साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात. म्हणजे भुसावळच्या बाईला कोर्टाची पायरी चढता येत होती, आणि त्याच रेल्वेवर थोडे पुढे आमच्या मलकापूरच्या बाईला येत नव्हती! तिला 1955 च्या हिंदू विवाह कायद्याची वाट पाहावी लागली. त्याच्या 25 व्या कलमाने घटस्फोटानंतरही कायमची पोटगी मागता येऊ लागली, नवऱ्यालाही आणि बायकोलाही. 1973 चा नवा फौजदारी कायदा आला तेव्हा 125 व्या कलमात ‘पत्नी’ या शब्दातच पुन्हा लग्न न केलेली घटस्फोटिता आली. पळवाट बुजली.

मुसलमान भगिनींची वाट याहून खडतर. 1966 साली हमीद दलवाईंनी सात बायकांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला. सातच, पण आल्या! 1970 साली त्यांनी पुण्यास मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले; नाव बापूजी शिंद्यांच्या समाजाचेच. इंदूरच्या शाहबानोंना खालच्या कोर्टाने दरमहा पंचवीस रुपये ठरवून दिले होते, हायकोर्टाने ते 179 रुपये 20 पैसे केले. 1985 साली आपले यशवंतराव चंद्रचूड सरन्यायाधीश असताना सुप्रीम कोर्टाने ती पोटगी कायम केली. लगेच 1986 साली संसदेने वेगळा कायदा करून ती हिसकावल्यासारखे केले. 2001 साली कोर्टाने त्या कायद्याचा उदार अर्थ लावला, आणि 2024 साली 125 वे कलम मुसलमान घटस्फोटितेलाही खुले आहे, असे स्पष्ट सांगितले.

पाचशेची मर्यादा 2001 सालीच उठली होती. 1 जुलै 2024 पासून हे कलम नव्या संहितेत 144 वे झाले आहे. पण माझ्या मते बायकांच्या पदरी खरे काही पडले ते 2020 साली, आणि तेही विदर्भातल्याच एका दाव्यात. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या त्या दाव्यात सुप्रीम कोर्टाने ठरविले, की दोघांनीही मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी. नुसते आकडे पाहा. दरमहा तीन हजार ठरले आणि निकालाला चार वर्षे लागली, तर निकालाच्या तारखेपासून धरणाऱ्या हुकुमात बाईचे 1,44,000 रुपये बुडतात.

शाळेच्या फॉर्मात वडिलांच्या उत्पन्नाचा रकाना कोरा ठेवून, खाली मान घालून उभ्या राहणाऱ्या आया मी पाहतो. एखादी स्टॅम्पपेपर दाखविते. त्यावर चार पंचांच्या सह्या, आणि शेवटी एक ओळ: यापुढे पोटगी मागणार नाही. जातीची तशी रूढी शाबीत होत नसेल, तर अशा फारकतीने घटस्फोट होत नाही. आणि शेवटची ओळ तर कवडीमोलाची. पोटगीचा हक्क असा लिहून सोडता येत नाही, तो करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे, असे मुंबई हायकोर्टानेच म्हटले आहे. मी वकील नव्हे, मास्तर. पण एवढे सांगतो, आणि आणखी एक सांगतो. पोटगीचा हुकूम झाला आणि पैसे थकले, तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत द्यावा लागतो. म्हणून सणासुदीला माहेरी आलेल्या लेकीच्या पिशवीत असा हुकूम असेल, तर फराळानंतर त्यावरची तारीख एकदा पाहून घ्यावी.