ट्रॅपीझचा झोका असो की दोरीचा मल्लखांब, पहिल्या दिवशी काय घालायचं आणि काय घरी ठेवायचं?

रील्स बघता बघता एखादा व्हिडिओ हमखास समोर येतो. उंच मचाणावर उभी असलेली मुलगी दांडी धरून हवेत झेप घेते, गुडघ्यांवर उलटी लोंबकळते आणि समोरून झोका घेत आलेल्या माणसाच्या हातात अलगद जाते. हा फ्लाइंग ट्रॅपीझ. खाली कमेंट ठरलेली असते, "हे आपल्याकडे कुठे शिकायला मिळेल?"

ट्रॅपीझ बसवायचं तर उंच आणि मोकळी जागा, मचाण, मोठी जाळी, सेफ्टी दोर ओढणारे प्रशिक्षक असं बरंच काही लागतं. त्यामुळे हौशी लोकांसाठीचे असे क्लास जगभरात मोजक्याच शहरांत दिसतात. पण जमिनीपासून वर लटकायचं, उलटं व्हायचं आणि हात सोडूनही न पडायचं, ही सगळी कला नाशिककरांच्या दाराशीच आहे. तिचं नाव दोरीचा मल्लखांब. गोव्यात किंवा परदेशात फिरायला गेल्यावर ट्रॅपीझ करून बघणार असाल किंवा गल्लीतल्या व्यायामशाळेत दोरीवर चढणार असाल, पहिल्या दिवसाचे प्रश्न जवळपास सारखेच असतात. आणि त्यातला सगळ्यात पहिला प्रश्न असतो, घालायचं काय?

ट्रॅपीझ आणि कपड्यांचं नातं किती जुनं?

जिम्नॅस्टिक्सच्या मुली घालतात त्या अंगाबरोबरच्या पोशाखाला लिओटार्ड म्हणतात. हे एका माणसाचं आडनाव आहे. फ्रान्समधल्या तुलूझचा ज्यूल लिओटार्ड याने 12 नोव्हेंबर 1859 रोजी पॅरिसच्या एका सर्कशीत एका झोक्यावरून दुसऱ्या झोक्यावर उडी मारून दाखवली. फ्लाइंग ट्रॅपीझची सुरुवात तिथून धरतात. त्याच्या वडिलांची व्यायामशाळा होती आणि तो सराव करायचा पोहण्याच्या तलावावर. हात सुटला तर खाली पाणी.

त्याने स्वतःसाठी अंगाला चिकटून बसणारा, सलग विणलेला पोशाख वापरला. कारण साधं होतं. ढगळ कापड दांडीत किंवा दोरात अडकलं तर जीव जाऊ शकतो. 1870 मध्ये तो वारला आणि त्यानंतर त्या कपड्याला त्याचंच नाव चिकटलं. म्हणजे हा पोशाख फॅशन म्हणून नाही, सुरक्षेसाठी आला.

आपल्याकडे सर्कस आणली ती मराठी माणसानेच. विष्णुपंत छत्रे हे घोड्यांचे मोठे जाणकार. कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली होती, ती बघून छत्रेंनी आपली सर्कस उभी केली आणि 1880 मध्ये मुंबईत तिचा पहिला खेळ झाला. पुढे छत्रेंची गाठ केरळमधल्या तलश्शेरीच्या कीलेरी कुन्हीकण्णन यांच्याशी पडली आणि तिथे कसरतपटू तयार करणारी शाळाच उभी राहिली. भारतीय सर्कशीतल्या झोक्यांचा मोठा वारसा तिथून येतो.

मग नाशिकचा संबंध काय?

मल्लखांबाला नवं आयुष्य देणारे बाळंभटदादा देवधर हे निफाड तालुक्यातल्या कोठुऱ्याचे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळातले ते नामवंत मल्ल आणि वस्ताद. त्यांच्याबद्दल एक आख्यायिका सांगतात. निजामाकडून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्यात आले आणि त्यांनी दरबारात आव्हान दिलं. ते कोणी घेईना. तरुण बाळंभटदादांनी ते घेतलं, तयारीला मुदत मागितली आणि वणीच्या सप्तशृंगी गडावर जाऊन उपासना केली. तिथे मारुतीने झाडावर वानराच्या रूपात येऊन त्यांना उड्या, पकडी आणि फिरक्या दाखवल्या. परत येऊन त्यांनी अलीला चीत केलं आणि गुलाब लढायलाच उतरला नाही.

आख्यायिका बाजूला ठेवली तरी गाभा खरा आहे. मल्लखांब म्हणजे कुस्तीगिराचा खांब, लाकडी प्रतिस्पर्धीच म्हणा. पुढे वेताच्या छडीवर लटकून करायचा वेताचा मल्लखांब आला आणि वेताच्या जागी सुती दोर आला. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यात मल्लखांब होता. 2019 मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. मुंबईच्या हिमानी परबला 2021 चा अर्जुन पुरस्कार मिळाला, तर दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. नाशिकमध्येही यशवंत व्यायामशाळेसारख्या जुन्या संस्थांनी ही परंपरा टिकवली आहे.

अंगावर नेमका किती ताण येतो?

नागपंचमीचा झोका आठवा. झोका टोकाला पोचला की क्षणभर थांबतो आणि पोटात गोळा येतो. त्या क्षणी शरीर हलकं वाटतं. ट्रॅपीझवर पाय दांडीवर चढवायचे असतात ते याच क्षणी. उशीर झाला, झोका खाली यायला लागला, की तेच पाय दगडासारखे जड होतात.

याला हिशोब आहे. सरळ लोंबत्या रेषेपासून 60 अंशांवरून सोडलेला झोका तळाशी येतो, तेव्हा हातांवर शरीराच्या वजनाच्या साधारण दुप्पट भार येतो. म्हणजे 60 किलोच्या माणसाला क्षणभर 120 किलो पेलावे लागतात. म्हणूनच नवख्या माणसाला आधी जमिनीजवळच्या दांडीवर सराव देतात आणि मगच शिडी चढायला सांगतात.

ट्रॅपीझच्या पहिल्या तासाचा क्रम बहुतेक ठिकाणी असा असतो. कमरेला पट्टा, त्याला दोन्ही बाजूंनी सेफ्टी दोर, खाली जाळी. मचाणावर उभं राहून दांडी धरायची. प्रशिक्षक "हेप" म्हणाला की त्याच क्षणी उडी. आपल्या मनाने वेळ ठरवायची नाही. मग पाय वर, गुडघे दांडीवर, हात मोकळे. शेवटी जाळीत पडायचं ते पाठीवर किंवा बसल्यासारखं. हात किंवा पाय ताठ पुढे करून पडलात तर मनगट किंवा घोटा दुखावतो.

दोरीच्या मल्लखांबात जाळी नसते, गादी असते. झोकाही नसतो. वरून टांगलेला सुती दोर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात धरायचा आणि वर सरकायचं. दोराला गाठ मारायची नाही, सगळी पकड अंगाची. मांडीभोवती आणि पोटरीभोवती दोर घेऊन साधी अढी घातली, की हात सोडता येतात. पहिल्या आठवड्यात एवढंच जमलं तरी खूप झालं.

मग घालायचं काय?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. तीनही प्रकारांत कपड्याचं काम वेगळं आहे.

पुरलेला मल्लखांब: इथे उघडी कातडी लाकडाला धरते. कापड आलं की पकड सुटते. म्हणून मुलगे लंगोट किंवा तोकडा जांघिया घालतात आणि अंग उघडं ठेवतात. खांबाला एरंडेल लावलेलं असतं, त्याचे डाग निघत नाहीत. नवे कपडे घालून जाऊ नका.

दोरीचा मल्लखांब: इथे दोर कातडीवर घासतो. मांडीची आतली बाजू, गुडघ्याची मागची बाजू, पोटरी आणि कंबर या जागा सोलवटतात. नवख्या माणसाने घोट्यापर्यंतची, सुती मिश्रणाची, अंगाबरोबर बसणारी लेगिंग घालावी. चकचकीत, सुळसुळीत कापड नको, दोर सटकतो. पाय मात्र अनवाणीच हवेत, मोजे घातले तर बोटांची पकडच होणार नाही.

ट्रॅपीझ: दांडीचा सगळा भार गुडघ्यांच्या मागच्या बाजूवर येतो. हाफ पँट घातली तर तिथे काळंनिळं होणार हे नक्की. गुडघ्याखाली जाणारी लेगिंग किंवा ट्रॅक पँट घाला. कमरेला सेफ्टी पट्टा घट्ट आवळतात, त्यामुळे जाड नाडी, बक्कल किंवा चेन असलेली पँट टोचते.

वर काय? अंगाबरोबरचा टी-शर्ट, आणि तो आत खोचलेला. उलटं झाल्यावर ढगळ टी-शर्ट तोंडावर येतो, म्हणजे ऐन मोक्याच्या क्षणी काहीच दिसत नाही. पट्ट्याखाली टी-शर्ट वर सरकला तर पोटावर वळ उठतात, त्यामुळे तो कमरेखाली जाईल इतका लांब हवा. मुलींनी आत स्पोर्ट्स ब्रा घालावी, हूकवाली टाळावी, कारण पाठीवर पडताना हूक रुततो. ओढणी, हुडी, मागे टोपी असलेलं काहीही चालणार नाही.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकची, त्यातही निफाडची थंडी सगळ्यांना माहीत आहे. गार पडलेल्या स्नायूंनी लटकू नका. वॉर्मअप होईपर्यंत स्वेटर अंगावर ठेवा, दोराला हात लावण्याआधी काढा.

काय घरी ठेवून यायचं?

अंगठी सगळ्यात आधी. दोरात किंवा जाळीत अंगठी अडकली आणि शरीर खाली गेलं, तर बोटाची कातडी सोलून निघण्यापर्यंत वेळ येऊ शकते. त्यानंतर बांगड्या, घड्याळ, फिटनेस बँड, कानातलं, नथ, चेन, मंगळसूत्र. दोरीच्या मल्लखांबासाठी पैंजण आणि जोडवीही काढावीच लागतात, कारण दोर नेमका त्याच बोटांमध्ये असतो. करगोटा, मनगटावरचे गंडेदोरे यांचाही विचार करा. श्रद्धेमुळे काढायचा नसेल तर प्रशिक्षकाला आधी सांगा. काही वेळा वर चिकटपट्टी गुंडाळून भागतं, पण निर्णय त्यांच्यावर सोडा.

नखं कापलेली हवीत, हातांची आणि पायांचीही. केस घट्ट बांधा. उंच अंबाडा नको, पाठीवर पडताना तो डोक्याखाली येतो. मानेजवळची घट्ट वेणी बरी. क्लचर, पिना नकोत. त्या दिवशी हातापायांना क्रीम, तेल लावू नका. चष्मा असेल तर मागून बांधायची पट्टी लावा. खिसे रिकामे, मोबाईल बॅगेत. रील दुसऱ्या कोणाला काढू द्या.

"असले कपडे घालून सगळ्यांसमोर?"

हा प्रश्न बहुतेक वेळा तोंडावर विचारला जात नाही, पण कितीतरी मुली आणि बायका दारातून परत जातात त्या याच कारणाने. लिओटार्ड फोटोत दिसतो तो स्पर्धेचा पोशाख आहे. शिकायला त्याची गरज नाही. पूर्ण लेगिंग आणि लांब, अंगाबरोबरचा टी-शर्ट या वेशात दोरीवरचं सुरुवातीचं सगळं करता येतं. लेगिंगवर आखूड, घट्ट शॉर्ट घातली तरी अडत नाही. नियम एकच, अंगापासून सुटलेलं कापड नको.

प्रशिक्षक पकड दाखवताना हात लावतात, आधार देतात. तो कुठे आणि कशासाठी देणार हे आधी विचारण्यात काहीच गैर नाही. महिला प्रशिक्षक किंवा मुलींची वेगळी बॅच आहे का, हेही विचारा. पाळीच्या दिवसांत उलटं व्हायचं की नाही हे स्वतःच्या त्रासावर ठरवा. बरं वाटत नसेल तर त्या दिवशी जमिनीवरचे व्यायाम करा.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावं?

उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास, चक्कर येणं, पूर्वी निखळलेला खांदा, मणक्याचं दुखणं किंवा अलीकडचं ऑपरेशन असेल तर उलटं लटकण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. गरोदर असाल तर हा प्रयोग नंतरसाठी ठेवा.

क्लासला जाण्याआधी पाच प्रश्न

1. दोर किंवा झोका ज्या हुकाला टांगला आहे, तो किती दिवसांनी तपासता?
2. खाली गादी किंवा जाळी किती भागात आहे?
3. एका प्रशिक्षकाकडे एका वेळी किती जण असतात?
4. पहिल्या दिवशी किती उंचीपर्यंत चढवता?
5. कोणी पडलं तर प्रथमोपचार आणि जवळचं हॉस्पिटल यांची सोय काय?

यातल्या एकाही प्रश्नावर "काही होत नाही हो" एवढंच उत्तर मिळालं, तर तिथून निघा.

दुसऱ्या दिवशी काय होईल?

तळहात हुळहुळे होतील, दंड आणि पोट दुखेल, गुडघ्यामागे किंवा मांडीला वळ दिसतील. हे नेहमीचं आहे. फोड आला तर फोडू नका, स्वच्छ ठेवा आणि तो बरा होईपर्यंत दोर धरू नका. पण खांद्यात कळ येत असेल, बोटं बधिर होत असतील किंवा सांध्याला सूज असेल, तर "अंग मोडून येतंय" म्हणून दुर्लक्ष न करता दाखवून घ्या. बाकी सगळं ठीक असेल तर दोन दिवसांची विश्रांती पुरते. तोवर लेगिंग धुऊन वाळत घाला, पुढच्या वेळी तीच लागणार आहे.