अनुदान आणि अनावर मूल

सुरत शहर 1960 पर्यंत मुंबई राज्यात होते. म्हणून तेथील उनाड, रागीट अथवा मनाने दुखावलेल्या मुलांच्या शिक्षणाचा इतिहास मुंबईच्या कायद्यांत आणि मुंबईच्या तिजोरीतच शोधावा लागतो.

1854 च्या शिक्षणविषयक खलित्याने खाजगी शाळांस सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले. पुढे मुंबई इलाख्यात हे अनुदान परीक्षेच्या निकालावर मोजण्याची पद्धत रूढ झाली. जितकी मुले उत्तीर्ण, तितकी रक्कम अधिक. ही पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी मागे पडली. परंतु तोवर तिने शाळांना एक हिशेब शिकविला होता. वर्गात न रमणारे, वारंवार पळून जाणारे मूल म्हणजे शाळेचे नुकसान! असे मूल नावनिशीवरून गळले, तर फारसे कोणाला दुःख होत नसे.

गळलेल्या या मुलाकडे प्रथम पाहिले ते दंडविधानाने. मुंबईत 1857 मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून सुधारशाळा उभी राहिली. 1897 च्या सुधारशाळा कायद्याने 15 वर्षांखालील दोषी मुलास तुरुंगाऐवजी 3 ते 7 वर्षे अशा शाळेत ठेवण्याची तरतूद केली. तेथे त्याला अन्न, वस्त्र आणि हातास एखादा धंदा मिळे. ही प्रगती खरीच. पण सरकारी खर्चाने शिकण्यासाठी त्या मुलास आधी गुन्हा करावा लागे, हे विसरता येत नाही.

1924 च्या मुंबई बालक कायद्याने हे दार थोडे रुंद केले. आईबापांना न आवरणारे निरपराध मूलही न्यायालयापुढे आणून संस्थेत ठेवता येऊ लागले. 1936 मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले आणि दुसऱ्याच वर्षी तेथे बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले. मूल असे का वागते, हा प्रश्न तेथे शिक्षेच्या आधी विचारला जाई. येथेही पहिला पैसा दात्याचाच होता.

सुरत गुजरातेत गेली, तरी 1948 चा मुंबईचा बालक कायदा दोन्ही राज्यांत चालू राहिला. 1986 मध्ये देशभरासाठी बालन्याय कायदा झाला. आज मिशन वात्सल्य योजनेत केंद्र आणि राज्य सर्वसाधारणपणे 60 व 40 टक्के भार उचलतात. तो पैसा मुख्यतः समितीपुढे अथवा मंडळापुढे आलेल्या मुलांसाठी असतो. शाळेत विशेष गरजेच्या मुलांसाठी समग्र शिक्षा योजनेत वेगळी तरतूद आहे. परंतु नुसते चिडखोर वा अबोल मूल त्या व्याख्येत बसेलच असे नाही.

सुरतेच्या महापालिकेच्या मराठी शाळांत खानदेशातून पोटासाठी आलेल्या कामगारांची मुले शिकतात. गाव सुटलेले, आईबाप दिवसभर कारखान्यात, अशा घरातील एखादा मुलगा वर्गात मारामारी करतो. त्याच्याशी बोलण्यास वेळ आणि शिक्षण असलेला माणूस शाळेत हवा. 2009 च्या कायद्याने छडी आणि हकालपट्टी दोन्ही बंद केली, हे योग्यच झाले. पण छडी काढून घेतल्यावर शिक्षकाच्या हाती दुसरे काही द्यावयास हवे होते.

पावणेदोनशे वर्षांत तिजोरी न्यायालयाच्या पायरीपर्यंत आली आहे. वर्गाचा उंबरठा तिने अजून पुरता ओलांडलेला नाही.