तोबियाचा मासा आणि ग्रीनलंडची मुशी

जुन्या करारातील तोबीतच्या ग्रंथात एक मासा येतो. तैग्रीस नदीच्या काठी तरुण तोबिया पाय धुण्यास उतरला असता तो मासा त्याचा पाय गिळावयास झेपावतो. तोबिया घाबरतो, परंतु वाटेचा सोबती झालेला राफाएल देवदूत त्याला मासा पकडावयास सांगतो आणि त्याचे हृदय, यकृत व पित्त जपून ठेवावयास लावतो. पुढे त्याच पित्ताने तोबियाच्या अंध पित्याचे डोळे उघडतात. ज्या जलचराला माणूस भ्याला, तोच माणसाच्या दृष्टीचे निमित्त झाला. उत्तरेकडील समुद्रातील एका प्रचंड माशाचा इतिहास वाचीत असताना ही कथा आम्हांला वारंवार आठवत राहिली.

हा मासा म्हणजे ग्रीनलंड शार्क. आपले कोळी बांधव ज्यांना मोरी किंवा मुशी म्हणतात, त्यांच्याच विस्तृत गोतातील हा एक. मात्र आकाराने आणि स्वभावाने अगदी निराळा. लांबी सहा मीटरांपर्यंत, वजन एक टनापर्यंत, वास्तव्य उत्तर अटलांटिक व आर्क्टिक समुद्राच्या थंडगार, काळोख्या पाण्यात. १९८८ साली अमेरिकेच्या कॅरोलिना किनाऱ्यापासून दूर, ‘सेंट्रल अमेरिका’ या बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांपाशी, सुमारे २,२०० मीटर खोलीवर या जातीचा मासा आढळल्याची नोंद आहे. त्याची नेहमीची चाल ताशी सव्वा किलोमीटरच्या आसपास. आपली सणाची मिरवणूकही याहून लवकर पुढे सरकते. पुष्कळांच्या डोळ्यांना एक परजीवी जीव चिकटून राहतो आणि दृष्टी अधू करतो. असा हा अर्धांध, मंद प्राणी. माणसाचे आणि त्याचे नाते मात्र उजेडाचे आहे.

आर्क्टिक किनाऱ्यावरील इन्युइट लोकांत त्याच्या जन्माची एक कथा सांगतात. एका वृद्धेने मूत्राने केस धुतले व ते पुसलेले फडके वाऱ्याने समुद्रात उडून गेले. त्याचाच हा मासा झाला. कथा हसू आणणारी खरी, पण निरीक्षण अचूक आहे. या माशाच्या मांसाला खरोखरच तसा उग्र दर्प येतो. ताजे मांस विषारी असते. ते खाल्लेले कुत्रे मद्यप्यासारखे झोकांड्या देतात. तरीही त्या लोकांनी त्याला टाकून दिले नाही. मांस वाळवून कुत्र्यांना घातले, कातड्याची पादत्राणे केली, दातांची पाती केली.

आइसलंडच्या शेतकरी-कोळ्यांनी आणखी एक युक्ती शोधली. मांस वाळू-खड्यांत काही आठवडे पुरून ठेवावयाचे आणि नंतर काही महिने वाऱ्यावर टांगून सुकवावयाचे, म्हणजे त्यातील विष निघून जाते. ‘हाकार्ल’ नावाचा हा पदार्थ हिवाळी मेजवान्यांत तेथे आजही खाल्ला जातो. दारिद्र्य माणसाला किती चिकाटीचा आणि किती कल्पक करते, याचा हा एक पुरावाच म्हणावयाचा.

परंतु माशाची खरी किंमत होती ती त्याच्या यकृताला. त्या अवाढव्य यकृतातून निघणारे तेल दिव्यांत उत्तम जळे. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत आइसलंडहून हे तेल पिंपे भरभरून निर्यात होई आणि युरोपातील शहरांचे रस्ते त्यावर उजळत. त्यासाठी माणसे ऐन हिवाळ्यात उघड्या होड्या घेऊन निघत, साखळीला लोखंडी गळ बांधून खोल पाण्यात सोडीत आणि गोठविणाऱ्या वाऱ्यात वाट पाहत बसत. १८७५ साली बांधलेली ‘ओफेगुर’ नावाची अशी एक होडी आइसलंडमधील रेकिर येथील संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. त्या होड्यांतून गेलेले सारेच परतले नाहीत. शहरातील दिव्याखाली चालणाऱ्याला ना ती माणसे ठाऊक होती, ना तो मासा. पुष्कळदा यकृत तेवढे काढून घेत आणि धड समुद्रालाच परत करीत.

पुढे खनिज तेल आले, विसाव्या शतकाच्या मध्यास कृत्रिम तेले आली आणि यकृताची मागणी संपली. मागणी संपली तशी माशाची किंमतही संपली. जाळ्यांत व गळांच्या दोरांत गुरफटणारी पीडा, एवढीच त्याची ओळख उरली. दोर सोडविण्यासाठी शेपटी कापून त्याला पाण्यात ढकलून दिल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

याच सुमारास एक गोष्ट हळूहळू ध्यानात येऊ लागली होती. ग्रीनलंडमध्ये १९३६ साली खूण बांधून सोडलेला एक मासा सोळा वर्षांनी, १९५२ साली, पुन्हा सापडला. एवढ्या काळात तो अवघा आठ सेंटिमीटर वाढला होता. मग पाच मीटरांच्या माशाचे वय किती असावे? उत्तर मिळावयास २०१६ साल उजाडले. युलियस निल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ माद्यांच्या डोळ्यांतील भिंगांचा अभ्यास केला. भिंगाचा गाभा जन्मापूर्वीच तयार होतो व पुढे बदलत नाही. त्यातील किरणोत्सारी कार्बनावरून वयाचा अंदाज बांधता येतो. सर्वांत मोठ्या मादीचे वय निघाले सुमारे ३९२ वर्षे, १२० वर्षांच्या कमीअधिक फरकाने. म्हणजे कमीत कमी २७२.

हे आकडे आपल्या इतिहासाशेजारी ठेवून पाहावेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली प्रसिद्ध झाले. मधला अंदाज खरा मानला, तर ती मादी त्यानंतर लवकरच जन्मली. आणि सर्वांत कमी वय धरले, तरी १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, त्याच सुमारास ती त्या काळोखात पोहू लागली असावी. या जातीची मादी प्रजननक्षम होते ती सुमारे दीडशे वर्षांनी. एका रात्रीच्या दिव्याचे तेल घडावयास किती पिढ्या लागल्या, हे त्या दिव्याखाली बसून कोणालाच दिसले नव्हते. ते दिसले माशाच्या अधू डोळ्यातून. तोबीताच्या कथेत दृष्टी पित्ताने आली. येथे ती डोळ्यानेच दिली.

दृष्टी आली की जबाबदारी आलीच. २०२० साली या माशाची नोंद धोक्यात असलेल्या प्रजातींत झाली. २०२२ साली वायव्य अटलांटिकच्या मत्स्यव्यवसाय संघटनेने आंतरराष्ट्रीय पाण्यात तो पकडून ठेवण्यास बंदी घातली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात अनिर्बंध मासेमारीचा उल्लेख केला आहे. प्रत्येक जीव आपल्या अस्तित्वानेच परमेश्वराचा गौरव करतो, असेही त्यात सुचविले आहे. उत्पत्तीच्या ग्रंथात माणसाला समुद्रातील माशांवर अधिकार मिळाला, तो धन्याचा नव्हे, कारभाऱ्याचा. कारभाऱ्याला एक दिवस हिशेब द्यावा लागतो.

आपल्याही बाजारात आज वीतभर लांबीच्या मोऱ्या टोपलीत दिसतात. त्या आणणाऱ्या बांधवांना दोष देण्याचा आम्हांला अधिकार नाही. त्यांच्या घरची चूल त्यावर पेटते. दोष द्यावयाचाच, तर तो आम्ही स्वतःपासून द्यावा. होड्यांना आशीर्वाद देताना जाळी भरून येवोत, अशी प्रार्थना आम्ही धर्मगुरू नेमाने करतो. समुद्र भरलेला राहो, अशी प्रार्थना मात्र क्वचितच आमच्या ओठी आली. पुढील आशीर्वादाच्या दिवशी ती दुसरी प्रार्थनाही म्हणावयाची, असे आम्ही ठरविले आहे. आपणही ती आमच्यासोबत म्हणावी.