कंटेनरचे गोदाम : गारवाही हवा, कुलूपही हवे

समुद्रप्रवासातून निवृत्त झालेला पोलादी कंटेनर जमिनीवर अनेक वर्षे उपयोगी पडतो. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. उरण-पनवेल पट्ट्यात कंटेनर हे त्यानंतर रोजचेच दृश्य झाले. बांधकामावरील कार्यालय, अवजारांचे कोठार किंवा लहान कार्यशाळा म्हणून जुन्या कंटेनरला मागणी असते. मात्र ही पेटी घडवलेली असते ती मालासाठी, माणसासाठी नव्हे. ऊन अडवणे किंवा आतल्या माणसाला हवा पुरवणे हे तिचे काम नाही.

वीस फुटी कंटेनर सुमारे ६.०६ मीटर लांब, २.४४ मीटर रुंद व २.५९ मीटर उंच असतो. एकावर एक रचलेल्या कंटेनरांचा भार चार कोपऱ्यांचे खांब पेलतात. त्यामुळे पाया घालताना चारही कोपऱ्यांखाली एकाच पातळीत काँक्रीटचे ठोकळे ठेवावेत. पातळी चुकली तर दारे अडकतात. तळ उंचावल्याने पावसाळ्यात पाणी व गंज दूर राहतो. भिंतीत मोठी खिडकी कापल्यास तेथे पोलादी चौकट जोडणे आवश्यक असते.

आधी सावली, मग यंत्र

पत्रा तापल्यावर आतली हवा थंड करण्यापेक्षा पत्रा तापू न देणे स्वस्त पडते. त्यासाठी कंटेनरवर फूटभर अंतर सोडून उतरते छप्पर उभारावे. मधल्या मोकळ्या जागेतून वारा खेळतो आणि ऊन थेट पत्र्यावर पडत नाही. पांढरा, ऊन परावर्तित करणारा रंगही उपयोगी ठरतो. उष्णतारोधक अस्तर त्यानंतर लावावे. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग होणाऱ्या कार्यशाळेत फोमऐवजी न पेटणारे रॉकवूल निवडावे. वातानुकूलन यंत्राचा विचार सर्वांत शेवटी करावा.

कंटेनरच्या भिंतीवरील लहान छिद्रांमुळे खेळती हवा मिळत नाही. एका बाजूस खाली जाळीची झडप आणि समोरच्या बाजूस वर पंखा किंवा छतावर वाऱ्याने फिरणारा व्हेंटिलेटर बसवावा. दमट हवेत रात्री पत्रा थंड होताच छताला बाष्पाचे थेंब धरतात आणि मालावर टपकतात. कोकणात अवजारे गंजण्याचे हे एक कारण होय. वायुवीजन व अस्तर या दोहोंमुळे हा त्रास कमी होतो.

सुरक्षा कोणाची?

कंटेनरचे उजवे कवाड प्रथम उघडते. त्यावर पोलादी पेटी वेल्ड करून कुलूप तिच्या आत लावल्यास कात्रीची पाती कुलपापर्यंत पोहोचत नाहीत. हवेच्या झडपांना आतून गज बसवावेत. चोराच्या भीतीने त्या बंद करणे मात्र घातक ठरते.

डिसेंबर २०११ मध्ये कॅनडातील एंडरबी येथे आगीच्या वेळी ज्वलनशील द्रव साठवलेल्या कंटेनरचा स्फोट झाला आणि उडालेल्या दारामुळे अग्निशमन दलाच्या एका जवानाचा मृत्यू झाला. बंद पेटीत वाफ व दाब साठला की दारही घातक ठरते. म्हणून पेट्रोल, थिनर व गॅसची सिलिंडरे कंटेनरमध्ये कोंडून ठेवू नयेत.

कंटेनरचे दार फक्त बाहेरून बंद होते व बाहेरूनच उघडते. माणसे आत काम करणार असतील तर आतून उघडणारे दुसरे दार अनिवार्य मानावे. पेटी पोलादाची असल्याने विजेची जोडणी परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घ्यावी, अर्थिंग तपासावे आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवावा. कुलपाची चौकशी करण्यापूर्वी आतला माणूस बाहेर कसा पडेल, हे पाहिलेले बरे.