दम आणि घड्याळ

काही महिन्यांपूर्वी आम्ही एक आंतरमहाविद्यालयीन कबड्डी सामना पाहिला. सामना मॅटवरचा होता. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून गेला, कोपऱ्यातल्या खेळाडूला हुलकावणी देऊन परतला, पुन्हा आत शिरला. त्याचे ओठ हलत होते, पण शब्द ऐकू येत नव्हता. आमच्या मागे भोईवाड्यातले एक वयस्क गृहस्थ बसले होते. तरुणपणी त्यांनी गिरणीच्या पाळ्या सांभाळून मातीवर कबड्डी खेळली होती. ते न राहवून म्हणाले, "अरे, दम कुठाय याचा?" शेजारच्या विद्यार्थ्याने फलकाकडे बोट दाखवून शांतपणे उत्तर दिले, "काका, अजून अकरा सेकंद आहेत."

प्रश्न आणि उत्तर दोन वेगळ्या खेळांतले होते. महाविद्यालयीन कबड्डी सुधारायची तर कोणते नियम बदलावेत, अशी चर्चा क्रीडाशिक्षकांत अधूनमधून होते. तिच्यात मॅट, बूट, वजन यांविषयी पुष्कळ बोलले जाते. या संवादातल्या पेचाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. म्हणून हा लेख.

कबड्डीला नियम आले ते फार जुन्या काळी नव्हे. हुतूतू, हाडुडू, चेडुगुडू अशा नावांनी हा खेळ देशभर खेळला जाई आणि प्रत्येक गावची रीत निराळी असे. बाद झालेल्याचे काय करायचे, या एका प्रश्नाची तीन उत्तरे रूढ होती. 'संजीवनी'त बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच पुन्हा उठे. 'गामिनी'त बाद झालेला बाहेरच बसे, सगळा संघ बाद होईपर्यंत. 'अमर'मध्ये बाहेर जाणेच नसे; गुण तेवढा मांडला जाई. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या नावांकडे जरा थांबून पाहावे. कच-देवयानीच्या कथेतली विद्या चाळीच्या अंगणात नियमाचे नाव होऊन बसली. मृत्यू, पुनर्जन्म आणि अमरत्व यांच्यातून एका निवडणे, हे आमच्या मते कोणत्याही नियमसमितीपुढे आलेले सर्वांत तात्त्विक काम असावे!

१९२१ च्या सुमारास महाराष्ट्रात संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घालणारे नियम तयार झाले. पाठोपाठ १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने त्यांना अधिक रेखीव रूप दिले. याच बडोद्यात पुढे आबासाहेब मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत सिद्ध केले, हा योगायोग नव्हे. खेळाला लिखित भाषा देण्याची ती एक व्यापक खटपट होती. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि 'कबड्डी' हे नाव देशभरासाठी पक्के झाले. पुढचे श्रम शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांचे. त्यांचा १५ जुलै हा जन्मदिन महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

नाव बदलले तसा उच्चारही बदलला. हुतूतूतला 'हु' श्वास बाहेर टाकतो. 'कबड्डी'तला 'क', 'ब' आणि विशेषतः जोडलेला 'ड्ड' श्वास अडवतो, तुकड्यातुकड्याने सोडतो. ऐकणाऱ्याला प्रत्येक आवर्तन वेगळे मोजता येते. हा विचार करूनच शब्द निवडला गेला असे आमचे म्हणणे नाही. परंतु पंचाच्या कानाला तो सोयीचा ठरला यात शंका नाही. नियम सांगतो की चढाईपटूने मध्यरेषा ओलांडण्यापूर्वी उच्चार सुरू करावा, तो स्पष्ट, सलग आणि एका श्वासात असावा. म्हणजे एका शब्दाच्या अखंड उच्चारावर माणसाचा प्रतिपक्षाच्या भूमीतला अधिकार अवलंबून. शब्द तुटला की अधिकार संपला. तुकोबांच्या गाथेत हमामा, फुगडी, विटीदांडू असे खेळ रूपके होऊन येतात, त्या परंपरेतल्या वाचकाला या नियमाचे वजन वेगळे सांगायला नको.

हा खेळ गिरणगावात का रुजला, याचे उत्तरही नियमांतच आहे. चेंडू नको, फळी नको, जाळे नको. पुरुषांच्या पूर्ण मैदानाला १३ मीटर लांबी आणि १० मीटर रुंदी लागते. तेवढीही जागा नसली तर रेषा आत ओढाव्यात. परळ, लालबाग, नायगाव, भोईवाडा इथल्या चाळींत कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे दाटीने राहत. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या त्या माणसांच्या मालकीचे म्हणावे असे एकच साधन होते, आपली छाती. कबड्डीने तेवढेच मागितले. वेळ मोजायलाही दुसऱ्या कोणाची गरज नव्हती. चढाईची मुदत चढाई करणाऱ्याच्याच फुप्फुसात असे. दिवसभर गिरणीच्या भोंग्याप्रमाणे जगणाऱ्या माणसाला संध्याकाळी स्वतःच्या श्वासाप्रमाणे चालणारा खेळ मिळावा, यात आम्हांला मोठा अर्थ दिसतो.

मुलींच्या बाबतीत तर हा नियम आणखी पुढे गेला. मुलीने मोठ्याने बोलू नये, ही शिकवण चाळीतही होतीच. कबड्डीच्या नियमाने तिला भर अंगणात, चारही मजल्यांवरच्या माणसांदेखत, खणखणीत आवाजात ओरडणे बंधनकारक केले. आवाज दबला तर चढाई बाद! परळच्या डॉ. शिरोडकरसारख्या संघांतून मुंबईची महिला कबड्डी वाढली, तिच्यामागे हेही एक कारण असावे असे आम्हांला वाटते. हे पुस्तकात नोंदलेले नाही, पण त्या काळी खेळलेल्या बायकांचे आजचे बोलणे ऐकावे. त्या कुजबुजत नाहीत.

तथापि जुन्या दिवसांचे गोडवे गाऊन भागणार नाही. दमाचा नियम न्याय्य होता, त्याची अंमलबजावणी मात्र नेहमीच तशी नसे. दम तुटला की नाही, हे ठरवणारा कान पंचाचा, आणि पंच पुष्कळदा त्याच गल्लीतला. यजमान संघाच्या चढाईपटूने हळूच श्वास चोरला तर तो ऐकू येत नसे. पाहुण्याने आवंढा गिळला तरी शिट्टी वाजे. त्यावरून झालेल्या मारामाऱ्यांत सामने बुडाले आहेत. शिवाय आघाडीवर असलेल्या संघाने लांब दमाचा गडी नुसता फिरवून आणायचा आणि वेळ काढायचा, हा उद्योगही सर्रास चाले. घड्याळाला गल्ली नसते, हे मान्य केले पाहिजे.

वेळकाढूपणाचा हा रोग एकट्या कबड्डीचा नाही. अमेरिकेत २२ नोव्हेंबर १९५० रोजी व्यावसायिक बास्केटबॉलचा एक सामना १९-१८ असा संपला, कारण एका संघाने चेंडू नुसता धरून ठेवला. त्यावर १९५४ मध्ये डॅनी बियासोनी या संघमालकाने साधे गणित मांडले. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा टोपलीकडे चेंडू फेकतात, ४८ मिनिटांचे २८८० सेकंद, भागाकार २४. चेंडू हाती आल्यापासून २४ सेकंदांत फेकलाच पाहिजे, हा नियम असा जन्मला. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. तिथल्या महाविद्यालयांनी हा नियम लगेच उचलला नाही. पुरुषांच्या खेळात १९८५ च्या हंगामात त्यांनी ४५ सेकंद ठरवले, १९९३ मध्ये ३५ आणि २०१५ मध्ये ३०. आजही ते चोविसावर आलेले नाहीत. विद्यार्थ्यांचा खेळ वेगळा, त्याची गती वेगळी, म्हणून त्याचा नियमही वेगळा असू शकतो, हे त्यांनी गृहीत धरले. आमच्याकडे मात्र दूरचित्रवाणीवर जे दिसते ते पुढच्या मोसमात महाविद्यालयाच्या मैदानावर उतरते.

आपल्याकडे हे चित्र पालटले ते २०१४ च्या जुलैत वरळीला प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला तेव्हापासून. भोईवाड्यापासून फार दूर नव्हे. तीस सेकंदांची चढाई, सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्या नाहीतर बाद व्हा, तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी पकड केली तर एक गुण जास्त, अशा नियमांनी खेळ चपळ झाला, घरोघर पोहोचला, खेळाडूंच्या हाती चार पैसे आले. याचे आम्हांला मनापासून समाधान आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तेव्हा गिरणीच्या संघात खेळून नोकरी मिळण्याची वाटही गेली होती. पण याच बदलात दम मुकाट्याने बाजूला पडला. नियम रद्द कोणी केला नाही. तो पुस्तकात आहे. प्रेक्षक, खेळाडू आणि पंच या तिघांनीही फलकावरच्या आकड्याकडे पाहायला सुरुवात केल्यावर त्याची गरज कोणाला उरली नाही, इतकेच.

नियम पुस्तकात एक आणि मैदानावर दुसरा असला म्हणजे काय होते, हे ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊला आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जगाने पाहिले. भारत आणि इराण २८-२८. शेवटचे मिनिट उरत आलेले. पवन सेहरावत कोणालाही स्पर्श न करता बाजूच्या राखीव पट्ट्यात गेला आणि त्याच्यामागोमाग इराणचे चार बचावपटूही. जुन्या नियमाने तोही बाद आणि ते चौघेही. नव्या नियमाने फक्त तो. पंचांनी निर्णय दिला, फिरवला, पुन्हा फिरवला. खेळ जवळजवळ तासभर खोळंबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. सुवर्णपदक आले, पण त्या तासाभरात दोन्ही संघ मॅटवर बसून राहिले होते आणि आपण कोणत्या नियमांनी खेळत आहोत हे कोणालाच सांगता येत नव्हते. १९९० पासून सलग सात सुवर्णपदके मिळवलेल्या आणि २०१८ ला जकार्तात याच इराणकडून उपांत्य सामना गमावलेल्या देशाला हे शोभणारे नव्हते.

मग महाविद्यालयीन कबड्डीत काय करावे? मोठी समिती नको. राखीव पट्ट्याचा एकच नियम, शक्यतो नवा, मराठीत छापून स्पर्धेआधी प्रत्येक संघाच्या हाती द्यावा; पहिली चूक चढाईपटूची असेल तर शिक्षाही त्याचीच असावी. शेवटच्या पाच मिनिटांत तिसरीऐवजी दुसरीच चढाई निर्णायक करून पाहावी. आज दोन चढाया ठरवून कोऱ्या घालवल्या जातात, आणि सामना रंगात येण्याच्या वेळी प्रेक्षक जांभया देतो. प्राथमिक फेऱ्या मातीवर खेळवण्याची मुभा असावी. ज्या महाविद्यालयाकडे सभागृह नाही, मॅट विकत घेण्याइतका निधी नाही, त्याने यजमानपदाची आशाच का सोडावी?

परंतु आमचा खरा आग्रह दमाचा आहे. तीस सेकंदांची कमाल मर्यादा राहू द्यावी; तिच्यामुळे वेळकाढूपणा थांबला आहे. मात्र ते घड्याळ चढाईपटूला दिसू नये. फलक गुणलेखकाकडे वळवावा. पाच सेकंद उरले असे ओरडून सांगणेही बंद करावे. आत गेलेल्याला आपली वेळ आपल्या छातीवरूनच कळली पाहिजे. आणि पंचांपैकी एकाने केवळ उच्चार ऐकावा, दुसरे काही पाहू नये. हा पंच दोन्ही महाविद्यालयांबाहेरचा असावा आणि मध्यंतरानंतर त्याने दुसऱ्या सहकाऱ्याशी जागा बदलावी, म्हणजे एकाच कानावर सामना टांगलेला राहणार नाही. पक्षपाताची शंका याने संपणार नाही, कमी होईल. खर्च काहीच नाही.

यावर एक आक्षेप आम्ही आधीच ऐकला आहे : राष्ट्रीय स्तरावर मुले घड्याळावरच खेळणार, तर महाविद्यालयात दमाचा सराव कशाला? आमच्या ओळखीच्या एका प्रशिक्षकाचे उत्तर आम्हांला पुरेसे वाटते. ते म्हणाले, घड्याळावर वाढलेला मुलगा विसाव्या सेकंदाला घाबरतो, दमावर वाढलेल्याला अजून बराच श्वास शिल्लक आहे हे ठाऊक असते.

सामना संपल्यावर ते भोईवाड्याचे गृहस्थ जिन्याशी उभे होते. मघाचा विद्यार्थी तिथे आला, तेव्हा त्यांनी त्याला सहज विचारले, एका श्वासात किती वेळ म्हणतोस? त्याने बॅग खाली ठेवली आणि म्हणायला सुरुवात केली. गृहस्थ बोटांच्या पेरांवर मोजू लागले. विसाच्या आसपास मुलाचा आवाज चिरकला. तो हसला, चेहरा लाल झाला होता. "पुन्हा," गृहस्थ म्हणाले. त्याने पुन्हा श्वास भरून घेतला.