चौकट सरकली की रेषा सरकते : ‘डाया’ची पंचवीस वर्षं

संगणकाच्या इतिहासात १९९८ हे साल मोठं मानलं जातं. त्या वर्षी जानेवारीत नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला करण्याची घोषणा केली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या एका बैठकीत क्रिस्टीन पीटरसन यांनी ‘ओपन सोर्स’ हा शब्द सुचवला. त्याच वर्षी स्वीडनमधल्या अलेक्झांडर लार्सन या तरुणाने आकृत्या काढण्याचा एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला आणि त्याला ‘डाया’ असं नाव दिलं. पहिल्या दोन घटनांवर पुस्तकं लिहिली गेली. तिसरी फारशी कुणाच्या लक्षात नाही. मला मात्र खुल्या सॉफ्टवेअरची खरी गोष्ट या तिसऱ्या घटनेत जास्त स्पष्ट दिसते.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. संगणकशास्त्र हा माझा विषय नाही. पण भाषेच्या शिक्षकाला आकृती सतत लागते. मराठीचं वाक्यपृथक्करण फळ्यावर रेघा ओढूनच समजावावं लागतं. उर्दूत अरबी मूळ असलेल्या शब्दांचा ‘माद्दा’ शिकवताना तर आकृतीशिवाय गत्यंतरच नसतं. काफ-ते-बे या तीन अक्षरांतून किताब, कातिब, मकतब, मकतूब हे शब्द कसे फुटतात, हे मधोमध माद्दा आणि भोवती शब्द असं मांडलं की मुलांना लगेच दिसतं. या कामासाठी मी डाया वापरू लागले आणि मग तो कुणी घडवला, कसा वाढवला, याचा शोध घेत गेले.

चित्र वेगळं, आकृती वेगळी

त्या काळी आकृत्यांच्या दुनियेत व्हिजिओचं राज्य होतं. त्याची पहिली आवृत्ती १९९२ मध्ये आली. तो सिअॅटलच्या एका कंपनीचा, विंडोजवर चालणारा, पैसे मोजून घ्यायचा प्रोग्राम होता. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी शंभर कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतली. आकृती काढण्याच्या साध्या वाटणाऱ्या कामाचं मोल बाजाराला किती कळलं होतं, हे त्यावरून लक्षात येतं. लिनक्स वापरणाऱ्यांकडे तशी सोय नव्हती. लार्सन यांनी व्हिजिओ नजरेसमोर ठेवून डायाची सुरुवात केली आणि १९९७ मध्ये सुरू झालेल्या ग्नोम या मुक्त सॉफ्टवेअरच्या परिवारात तो सामील झाला.

चित्र काढण्याचा प्रोग्राम आणि आकृती काढण्याचा प्रोग्राम यांत एक मूलभूत फरक आहे. चित्रात रेषा म्हणजे फक्त रेषा. ती चौकटीला टेकलेली दिसली, तरी संगणकाच्या लेखी तिचं चौकटीशी काही नातं नसतं. आकृतीत ते नातंच मुख्य असतं. डायातल्या प्रत्येक चौकटीच्या कडेला काही जोडबिंदू असतात. रेषेचं टोक त्यातल्या एखाद्या बिंदूवर नेऊन सोडलं की तिथे गाठ बसते. मग चौकट पानावर कुठेही सरकवा, रेषा तिच्यामागे येते.

दुसरी खुबी आतल्या बांधणीत होती. डायातल्या वस्तूला आपण कशावर काढले जातोय हे ठाऊक नसतं. ती फक्त सांगते, ‘इथून तिथे रेघ, इथे बहुकोन, इथे मजकूर.’ ते पडद्यावर काढायचं, छपाईच्या फाइलीत की वेबसाठीच्या एसव्हीजी फाइलीत, ही जबाबदारी वेगळ्या भागाची. त्यामुळे नवी वस्तू आली की ती सगळीकडे छापता येई आणि छपाईचा नवा प्रकार आला की जुन्या सगळ्या वस्तू त्यात आपोआप जात. कामाची अशी वाटणी नीट झाली असेल, तर अनोळखी माणसंही एकमेकांना न विचारता एकाच घरात काम करू शकतात.

तीन दारं

डाया जीपीएल परवान्याखाली आला. या परवान्याचा मथितार्थ असा : प्रोग्राम कुणीही वापरावा, उघडून पाहावा, बदलावा, वाटावा, मात्र बदललेला प्रोग्राम वाटताना पुढच्यालाही हेच सगळे हक्क द्यावेत. पण कायद्याने हक्क मिळाला म्हणून हात चालतोच असं नाही. लाखभर ओळींचा कोड समोर ठेवून ‘घ्या, बदला’ म्हटलं, तर सामान्य माणसाने सुरुवात कुठून करायची?

डायाने या प्रश्नाचं उत्तर तीन दारांनी दिलं. पहिलं दार सी या भाषेचं. नवीन वस्तू स्वतंत्र जोडभाग म्हणून लिहायची, मूळ प्रोग्रामला हात लावायचा नाही. फ्रान्समध्ये जन्मलेल्या, कारखान्यातल्या यंत्रांचे टप्पे दाखवणाऱ्या ग्राफसेट पद्धतीच्या आकृत्या सिरिल शेपलोव्ह यांनी अशाच २००० च्या सुमारास डायात आणल्या. हे दार अर्थातच प्रोग्रामरांसाठी होतं.

दुसरं दार पायथनचं. थोडीफार पायथन येणाऱ्याला आकृती तपासणारी, बदलणारी किंवा दुसऱ्या रूपात नेणारी छोटी स्क्रिप्ट त्यातून जोडता येई.

तिसरं दार मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हेन्स्ट्रिज यांनी १९९९ मध्ये अशी सोय केली की नवा आकार सी मध्ये न लिहिता एका साध्या एक्सएमएल फाइलीत लिहिता यावा. या फाइलीत आकाराचं नाव, जोडबिंदूंच्या जागा, मजकुराची चौकट आणि रेघा-वर्तुळांचं वर्णन एवढंच असतं. फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकली, आकारांच्या यादीत तिचं नाव जोडलं, डाया पुन्हा उघडला की नवा आकार वापरायला तयार. मी माझ्या माद्द्यासाठी असाच एक गोल केला. मध्ये अक्षरांची जागा आणि कडेला बारा जोडबिंदू, घड्याळाच्या आकड्यांसारखे. फाइल अर्ध्या पानाची झाली आणि त्यासाठी शाळेतल्या भूमितीपलीकडचं काहीही लागलं नाही.

याच दारातून डायाचा संसार वाढला. विद्युत मंडलं, संगणकांची जाळी, रासायनिक कारखान्यातली पात्रं, बांधकाम, हवा आणि तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रं, अशा वेगवेगळ्या धंद्यांचे आकारसंच त्यात दिसतात. ज्याला आपला धंदा माहीत आहे, त्याने आपली चिन्हं आणावीत, अशी ही रीत. तिला मर्यादाही होती. एक्सएमएलमधून आकाराचं रूप सांगता येई, वागणूक सांगता येत नसे. आत ओळी वाढल्या की आपोआप नवे खण पाडणारी चौकट हवी असेल, तर पुन्हा पहिल्या दाराशीच जावं लागे.

न ठरवता उघडं राहिलेलं एक चौथं दारही होतं. डायाची फाइल म्हणजे दाबून लहान केलेला एक्सएमएल मजकूर. दाब काढला की ती कुणालाही वाचता येते. त्यामुळे डायाच्या आकृतीवरून प्रोग्रामचा सांगाडा किंवा माहितीसाठ्याचे तक्ते तयार करणारी स्वतंत्र साधनं लोकांनी परस्पर लिहिली. त्यासाठी कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही.

भाषेच्या शिक्षकाला गंमत वाटावी अशी एक खूण या कोडमध्ये आहे. डायाच्या फाइलींच्या माथ्यावर प्रोग्रामची एका ओळीत ओळख असते. त्यात ‘अ डायग्राम’ लिहायच्या जागी ‘अॅन डायग्राम’ असं लिहिलेलं आहे. सातवीतला मुलगाही ती चूक सांगेल. पण नवी फाइल सुरू करणाऱ्या प्रत्येकाने जुन्या फाइलीचा माथा जसाच्या तसा उचलला आणि ती चूक अनेक देशांतल्या अनेक हातांमधून पुढे गेली. जुन्या हस्तलिखितांचे अभ्यासक कातिबांच्या चुकांवरूनच कुठली प्रत कुठल्या प्रतीवरून उतरली, हे ओळखतात. इथेही तसंच आहे.

हर्फ-बाज

आता आपल्या लिपींकडे येऊ. सुरुवातीच्या डायात देवनागरी किंवा उर्दू नीट लिहिण्याची सोय नव्हती. इंग्रजीत एकापुढे एक अक्षर ठेवलं की शब्द होतो. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी उच्चारात नंतर असूनही आधी काढावी लागते आणि जोडाक्षरात अक्षरांचं रूपच पालटतं. उर्दूत एकाच ‘बे’ची सुरुवातीची, मधली, शेवटची अशी वेगवेगळी रूपं. त्यात मजकूर उजवीकडून डावीकडे आणि त्यातलाच १९४७ सारखा आकडा मात्र डावीकडून उजवीकडे.

डायाच्या मंडळींनी हा प्रश्न एकट्याने सोडवला नाही. मार्च २००२ मध्ये जीटीके २ हा नवा पाया आला. त्यात ओवेन टेलर यांनी सुरू केलेला ‘पँगो’ हा जगातल्या लिपी मांडणारा भाग होता. ‘पॅन’ म्हणजे ग्रीकमध्ये सर्व आणि ‘गो’ म्हणजे जपानीत भाषा. त्याच वर्षी शेपलोव्ह यांनी डायाचा अक्षरांचा भाग पँगोसाठी नव्याने लिहून काढला. या एका बदलाने कितीतरी लिपी एकदम घरात आल्या.

पँगोच्याही खाली आणखी हात आहेत. उजवीकडून चालणाऱ्या मजकुराचं गणित करणाऱ्या ‘फ्रीबिडी’ची सुरुवात इस्रायलमधल्या डोव ग्रोबगेल्ड यांनी केली. पुढे ती तेहरानच्या शरीफ विद्यापीठात शिकलेल्या बेहदाद एस्फहबोद यांनी सांभाळली. अक्षरांना रूप देणारं ‘हर्फबझ’ हेही एस्फहबोद यांच्याच देखरेखीखाली वाढलं. हे नाव फारसीतलं : हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडा. आपल्याला ‘बाज’ म्हटलं की पतंगबाज किंवा दगाबाज आठवतो. इथे अर्थ खुल्या दाराचा आहे. आज क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सगळ्यांत हेच हर्फबझ काम करतं. हा लेख अँड्रॉइडच्या मोबाइलवर वाचत असाल, तर इथलं प्रत्येक जोडाक्षर त्याच्याच हातून आलेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

हे इतक्या तपशिलात सांगण्याचं कारण आहे. इब्रानी आणि फारसी दोन्ही लिपी उजवीकडून चालतात. दोन्ही भाषकांची अडचण एकच होती. त्यांच्या देशांचं एकमेकांशी काय चाललंय हे जग पाहतं आहे. पण अक्षरांचं हे काम एकाने सुरू केलं, दुसऱ्याने पुढे नेलं आणि त्याचा लाभ माझ्या वर्गातल्या उर्दूला झाला. ‘आपल्या भाषेसाठी कुणी काही करत नाही’ ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. इथे ज्यांना अडचण होती, त्यांनीच ती सोडवली आणि सोडवून सर्वांसाठी ठेवून दिली.

सगळंच सुटलं असं मात्र नाही. नस्तालीकमध्ये शब्द उतारावरून खाली यावा तसा लिहिला जातो. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या चौकटीत तो वरखाली अडखळतो आणि चौकट उंच करावी लागते. यासाठीचे चांगले आकार अजून कुणीतरी करायचे आहेत. ते तिसऱ्या दारातून सहज होण्यासारखे आहेत.

गाळ कुणी काढायचा?

लार्सन काही काळाने दुसऱ्या कामांकडे वळले. लिनक्सवर प्रोग्राम पोहोचवणारं ‘फ्लॅटपॅक’ पुढे त्यांनीच घडवलं. डायाची जबाबदारी हेन्स्ट्रिज यांच्याकडे, मग लार्स क्लाउसेन, हान्स ब्रॉयर अशा माणसांकडे गेली. ब्रॉयर यांच्यामुळे तो विंडोजवरही चालू लागला. निर्मात्याने हात काढल्यावरही प्रोग्राम जगला, हे खुलेपणाचंच यश.

पण २०१४ मध्ये ०.९७.३ ही आवृत्ती आली आणि मग वर्षानुवर्षं पुढची पक्की आवृत्ती आलीच नाही. सोळा वर्षांत १.० हा आकडाही लागला नव्हता. तोवर खालची जमीन सरकत होती. जीटीके ३ तर २०११ मध्येच आलं होतं आणि १ जानेवारी २०२० रोजी पायथन २ चा अधिकृत आधार संपला. डायाची ती आवृत्ती याच जुन्या पायांवर उभी होती. नवीन आकार जोडायला लोक होते. पाया बदलण्याचं, जुन्या चुका निस्तरण्याचं, नाव न होणारं काम करायला माणसं पुरली नाहीत.

याच्या उलट उदाहरण ड्रॉ.आयओचं. त्याचा कोड सर्वांना पाहता येतो, पण बाहेरच्यांनी लिहिलेला कोड तिथे जवळपास घेतच नाहीत. मागे एक कंपनी आहे, पगारी माणसं आहेत, म्हणून तो टापटीप राहतो. तिथे दार अर्धवट मिटलेलं आहे, घर मात्र झाडलेलं आहे. डायाचं दार सताड उघडं, पण झाडू कुणाच्या हातात, हे ठरलेलं नाही. यातलं एक सरळ बरोबर आणि दुसरं सरळ चूक, असं मला म्हणता येत नाही.

गावची विहीर गावाची असते, तरी उन्हाळ्यात गाळ काढायला कुणीतरी आत उतरावंच लागतं. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा ती त्यांची निर्मिती नव्हती. पण ते काम झालं नसतं तर पुढच्यांच्या हाती काय पडलं असतं? आपण मूळ कर्त्याला लक्षात ठेवतो. नंतर येऊन साफसूफ करणाऱ्याला क्वचितच.

आपल्या उर्दू आणि मराठी शाळांना महागड्या परवान्यांचे पैसे परवडत नाहीत, म्हणून खुल्या प्रोग्रामांची सर्वांत जास्त गरज आपल्यालाच आहे. मग केवळ वापरणारे राहून चालणार नाही. एखादा आकार करून द्यावा, एखादा तर्जुमा करावा, उर्दूत काय अडखळतं ते नीट लिहून कळवावं. माझा बारा जोडबिंदूंचा गोल मी तीन सहकाऱ्यांना दिला. त्यातल्या एकीने फाइल उघडून त्याचे जोडबिंदू सोळा केले आणि मला परत पाठवला. आता मी तोच वापरते.