मेलबर्नच्या उपनगरांनी गमावलेली मैदाने

मेलबर्न म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते एमसीजी हे अवाढव्य क्रिकेट मैदान. परंतु त्या शहरातील जुन्या रहिवाशांपाशी मैदानांचा विषय काढला, तर त्यांच्या तोंडी निराळीच नावे येतात : व्हिक्टोरिया पार्क, विंडी हिल, आर्डेन स्ट्रीट, ग्लेनफेरी ओव्हल, वेस्टर्न ओव्हल. घरांच्या दाटीत आणि अनेकदा रेल्वेरुळांच्या कडेला वसलेल्या या उपनगरी मैदानांवर पिढ्यान्‌पिढ्या हिवाळ्यातील दर शनिवारी दुपारी 'ऑस्ट्रेलियन रूल्स' फुटबॉलचे सामने रंगत असत. १९६५ ते २००५ या चाळीस वर्षांत ही मैदाने एकेक करून वरिष्ठ स्पर्धेला मुकली. बहुतेक मैदाने आजही जागच्या जागी आहेत. नाहीसा झाला तो तेथला शनिवार.

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याहून हा खेळ अगदी भिन्न आहे. प्रत्येक बाजूस अठरा खेळाडू, लंबगोल चेंडू आणि दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथाडला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. त्याचा जन्म क्रिकेटच्या सावलीत झाला. टॉम विल्स या नामांकित क्रिकेटपटूने १८५८ साली वृत्तपत्राला पत्र लिहून, क्रिकेटपटूंची अंगे हिवाळ्यात आखडू नयेत यासाठी फुटबॉलचा क्लब काढावा, अशी सूचना केली आणि पुढच्याच वर्षी मेलबर्न क्लबने खेळाचे नियम लिहून काढले. क्रिकेटच्या मैदानांवरच वाढल्यामुळे या खेळाला लंबवर्तुळाकार मैदान लाभले आणि त्याचे नेमके माप आजतागायत ठरलेले नाही. लांबी १३५ ते १८५ मीटर आणि रुंदी ११० ते १५५ मीटर यांच्या दरम्यान कितीही चालते. ही बाब किरकोळ वाटेल. पण उपनगरी मैदानांच्या साऱ्या आठवणींचे मूळ तिच्यातच आहे. प्रत्येक मैदानाचा आकार वेगळा, वारा वेगळा, चिखल वेगळा. त्यामुळे पाहुण्या संघाला प्रत्येक ठिकाणी जणू नवाच खेळ खेळावा लागे.

शनिवारची दुपार

'व्हिक्टोरियन फुटबॉल लीग'ची पहिली स्पर्धा १८९७ साली आठ संघांनिशी झाली. १९२५ पासून संघ बारा झाले. त्यांपैकी जिलाँग हा शेजारच्या शहराचा आणि मेलबर्न क्लब एमसीजीवर खेळणारा. उरलेले दहाही संघ आपापल्या उपनगराचे नाव लावणारे आणि तेथल्याच मैदानावर खेळणारे होते. बारा संघ म्हणजे सहा सामने, आणि हे सहाही सामने शनिवारी दुपारी एकाच वेळी चालत. आपला संघ घरच्या मैदानावर असेल तर पायी जायचे, बाहेर असेल तर आगगाडी किंवा ट्राम पकडायची, असा शिरस्ता होता.

संघ आणि उपनगर यांचे नाते केवळ नावापुरते नव्हते. कॉलिंगवूड म्हणजे पादत्राणांचे कारखाने आणि दारूच्या भट्ट्या, नॉर्थ मेलबर्न म्हणजे गॅसचा कारखाना, फुट्सक्रे म्हणजे कत्तलखाने आणि दगडखाणी. शहरातील खेळाडूने ज्या विभागात राहायचे त्याच विभागाच्या संघाकडून खेळायचे, असा दंडक दीर्घकाळ होता. १९३० च्या 'कोल्टर' नियमाने तर खेळाडूच्या मानधनावर सामन्यामागे तीन पौंडांची मर्यादा घातली. त्यामुळे शनिवारचा नायक सोमवारी सकाळी शेजाऱ्यासारखाच कामावर जाताना दिसे. उपनगराला तो आपला वाटे याचे कारण तो खरोखरच त्यांचा होता.

मैदानात छपराखालच्या जागा मोजक्या आणि सभासदांसाठी राखीव असत. बाकीचे सारे 'आउटर'मध्ये, म्हणजे छप्पर नसलेल्या उतारावर पावसात उभे. पुढच्याच्या खांद्यावरून दिसावे म्हणून बिअरचे रिकामे डबे पायाखाली रचून त्यांवर उभे राहणारे प्रेक्षक ही साठ-सत्तरच्या दशकांतील ठरलेली दृश्ये. मांसाचे सारण भरलेली गरम 'पाय' हे तेथले मुख्य खाणे. मुलांच्या जाड लोकरी कोटांवर लाडक्या खेळाडूचे नाव आणि पाठीवर त्याचा क्रमांक शिवलेला असे. इतर पाच सामन्यांचे गुण धावफलकावर लागत, पण संघांच्या नावांऐवजी केवळ अक्षरांनिशी. कोणते अक्षर कोणत्या सामन्याचे हे 'फुटबॉल रेकॉर्ड' ही १९१२ पासून निघणारी पुस्तिका विकत घेतल्याशिवाय कळत नसे. व्यवहारचातुर्याचा हा नमुना म्हणायला हवा. दुसरीकडे, शेवटच्या सत्राच्या सुमारास मैदानाचे दरवाजे उघडत आणि तिकिटाचे पैसे नसलेली मुले फुकटात आत शिरत. सामना संपल्याचा भोंगा वाजला की तीच मुले कुंपणावरून उड्या मारून, स्वतःचा चेंडू घेऊन, अंधार पडेपर्यंत त्याच चिखलात खेळत.

मैदानांच्या तऱ्हा सांगाव्या तितक्या थोड्या. आर्डेन स्ट्रीटच्या मागे गॅसची अजस्र टाकी उभी असे आणि जुन्या छायाचित्रांत खेळाडूंपेक्षा तीच आधी नजरेत भरते. हॉथॉर्नचे ग्लेनफेरी ओव्हल रेल्वेमार्ग आणि वस्ती यांच्या बेचक्यात इतके अरुंद बसले होते, की त्याला डबाबंद माशांच्या डब्याची उपमा दिली जाई. एसेन्डनच्या विंडी हिलचा वारा नावातच होता. केव्हिन शीडी या तेथल्या प्रशिक्षकाने १९९१ साली वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी नळीच बांधून ठेवली, जेणेकरून पर्थहून आलेल्या पाहुण्यांना वाऱ्याचा अंदाज येऊ नये! सेंट किल्डाचे मुराबिन चिखलासाठी कुप्रसिद्ध होते. यजमान मुद्दाम मैदानाला पाणी घालतात, हा पाहुण्यांचा कायमचा आरोप असे. या मुराबिनवर १७ एप्रिल १९६५ रोजी झालेल्या पहिल्याच सामन्याला ५१,३७० प्रेक्षक होते. कार्लटनच्या प्रिन्सेस पार्कवरचा विक्रम मात्र युद्धाने घडविला. एमसीजी लष्कराच्या ताब्यात असल्याने १९४५ ची अंतिम लढत येथे झाली; तिला ६२,९८६ लोक लोटले आणि सामन्यातील हाणामारीमुळे तो आजही 'रक्तपात' या नावाने ओळखला जातो.

मैदाने का सुटली?

याचा दोष एकट्या दूरचित्रवाणीच्या माथी मारला जातो, तो पुरता खरा नाही. मैदाने क्लबांच्या मालकीची नव्हती. जमीन सार्वजनिक, कारभार नगरपालिकेकडे, आणि बहुतेक ठिकाणी क्रिकेट क्लबचा त्यावर आधीचा हक्क. अशा तिढ्यात फुटबॉल क्लब भाडेकरूच राहिले. भाडे, दाराशी जमणारा पैसा आणि डागडुजीचा खर्च यांवरून वाद होत. १९६५ साली सेंट किल्डाने जंक्शन ओव्हल सोडून मुराबिन गाठले ते अशाच वादातून. त्याच वर्षी रिचमंडने पंट रोड सोडून हाकेच्या अंतरावरील एमसीजीचा आश्रय घेतला. इकडे लीगलाही नगरपालिका आणि एमसीजीचे विश्वस्त या दोहोंपासून सुटका हवी होती. तिने १९६२ साली शहराबाहेर जमीन विकत घेतली आणि १९७० साली तेथे स्वतःचे 'व्हीएफएल पार्क' उभारले. तेथवर आगगाडी कधीच पोहोचली नाही; प्रेक्षकांच्या वाट्याला वाहनतळातील कोंडी आली.

पुढे ऐंशीच्या दशकात क्लब कर्जात बुडाले. साउथ मेलबर्न १९८२ साली सिडनीला गेला, १९८७ पासून पर्थ आणि ब्रिस्बेनचे संघ स्पर्धेत आले आणि १९९० साली तिचे नाव 'ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग' झाले. स्पर्धा देशव्यापी झाल्यावर एकाच वेळी सहा सामन्यांचा शनिवार टिकणे शक्यच नव्हते. थोड्या, मोठ्या, आसनांच्या मैदानांवर सामने एकवटायचे हे धोरण ठरले. हिशेबाच्या दृष्टीने ते चुकीचे नव्हते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तुटकी छपरे आणि दयनीय स्वच्छतागृहे यांची आठवण स्मरणरंजनात सहसा निघत नाही.

पण या हिशेबात सर्वाधिक सोसले ते फिट्झरॉयने. आठ वेळा अजिंक्यपद मिळविणाऱ्या या संघाने १९६६ अखेर ब्रन्सविक स्ट्रीटचे आपले मैदान सोडले आणि मग त्याला घर असे उरलेच नाही. प्रिन्सेस पार्क, जंक्शन ओव्हल, व्हिक्टोरिया पार्क, पुन्हा प्रिन्सेस पार्क आणि शेवटी वेस्टर्न ओव्हल, अशी तीस वर्षे तो दुसऱ्यांच्या अंगणात बिऱ्हाड मांडत राहिला. १९९६ चा हंगाम संपताच त्याचे ब्रिस्बेनच्या संघात विलीनीकरण झाले. मैदान गेले म्हणूनच संघ गेला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मात्र मैदान गेल्यावर वर्गणीदार कुठे जमवायचे हा प्रश्न त्या क्लबला शेवटपर्यंत सुटला नाही.

अखेरचे सामने

फुट्सक्रेचे वेस्टर्न ओव्हल १९९५ साली टेड व्हिटन या तेथल्या थोर खेळाडूच्या निधनानंतर 'व्हिटन ओव्हल' झाले आणि दोनच वर्षांनी, १९९७ साली, तेथला शेवटचा वरिष्ठ सामना झाला. १९९९ च्या ऑगस्टमधील एक शनिवार-रविवार तर विशेष स्मरणात आहे. शनिवारी, २८ तारखेला, व्हिक्टोरिया पार्कवर कॉलिंगवूडचा अखेरचा सामना झाला आणि दुसऱ्याच दिवशी, तोवर 'वेव्हर्ली पार्क' हे नाव धारण केलेल्या लीगच्या मैदानाचाही. ज्या मैदानाने उपनगरांची जागा घ्यायची होती, ते त्यांच्याबरोबरच गेले. डॉकलंड्सचे सरकत्या छताचे नवे स्टेडियम २००० साली खुले झाले. कॉलिंगवूडला निरोपही गोड लाभला नाही : सामना ब्रिस्बेनकडून गमावला आणि हंगामात संघ तळाला राहिला.

व्हिक्टोरिया पार्कच्या आठवणीत एक काटाही आहे. १७ एप्रिल १९९३ रोजी येथे सेंट किल्डाने कॉलिंगवूडला हरविल्यावर, दिवसभर वर्णद्वेषी शिव्या ऐकलेल्या निकी विनमार या आदिवासी खेळाडूने प्रेक्षकांकडे तोंड करून जर्सी वर उचलली आणि आपल्या कातडीकडे बोट दाखविले. ते छायाचित्र देशभर गाजले. मैदानावरील वर्णद्वेषी भाषेविरुद्धचा नियम १९९५ साली आला, त्यामागे या क्षणाचा मोठा वाटा मानला जातो. 'आउटर'मधील जवळीक सर्वांसाठी नव्हती, याची साक्ष त्या छायाचित्राने कायमची नोंदवून ठेवली. २०१९ साली पर्थच्या नव्या स्टेडियमबाहेर विनमारचा त्याच पवित्र्यातील पुतळा बसविण्यात आला.

प्रिन्सेस पार्कने सर्वांत उशिरापर्यंत तग धरला. २१ मे २००५ रोजी कार्लटन विरुद्ध मेलबर्न हा सामना झाला आणि मेलबर्नच्या उपनगरी मैदानांवरील वरिष्ठ पुरुष फुटबॉलचा अध्याय संपला. जुन्या बाजाचे म्हणावे असे आता जिलाँगचे कार्डिनिया पार्क तेवढे उरले, तेही नव्या प्रेक्षागारांनी ओळखू न येण्याजोगे झालेले.

मैदाने मात्र लोकांच्या मनातून गेली नाहीत. फुट्सक्रेच्या संघाने २०१६ साली बासष्ट वर्षांनी अजिंक्यपद जिंकले, तेव्हा दुसऱ्या दिवशी हजारो लोक व्हिटन ओव्हलवर जमले. सामना झाला होता एमसीजीवर, पण आनंद वाटून घ्यायला ते तेथे गेले नाहीत. शेन वॉर्नची सार्वजनिक शोकसभा मार्च २०२२ मध्ये एमसीजीवर झाली. त्याआधी २० मार्चला खासगी अंत्यविधी झाला तो मुराबिनवर, आणि लहानपणापासून सेंट किल्डाचा भक्त असलेल्या त्या फिरकीपटूची शवपेटी मैदानाला एक फेरी घालून बाहेर नेण्यात आली. ३ फेब्रुवारी २०१७ रोजी महिलांच्या नव्या राष्ट्रीय स्पर्धेचा पहिला सामना प्रिन्सेस पार्कवर ठेवला गेला. प्रतिस्पर्धी होते कार्लटन आणि कॉलिंगवूड. २४,५६८ प्रेक्षक आत आल्यावर दरवाजे बंद करावे लागले आणि लीगच्या मुख्याधिकाऱ्यांनी बाहेर जाऊन ताटकळणाऱ्या गर्दीची क्षमा मागितली.

आणि फिट्झरॉय? २००९ साली त्या क्लबने एका हौशी संघाशी हातमिळवणी करून व्हिक्टोरियाच्या हौशी स्पर्धेत पुन्हा पाऊल ठेवले. घरचे मैदान म्हणून निवडले ते ब्रन्सविक स्ट्रीटचे. १८८८ सालचे लाकडी प्रेक्षागार तेथे अजून उभे आहे. या सामन्यांचे प्रक्षेपण होत नाही. एका बाजूला बागेत फिरायला आलेली माणसे, दुसऱ्या बाजूला जुन्या रंगांचे मफलर गळ्यात घातलेले काही वृद्ध, आणि मध्ये शनिवारी दुपारी चाललेला खेळ.